चार नंबरचा खिळा

सकाळची बस डोंगरावरच्या गावात पोचली तेव्हा तिच्यातून तीनच माणसं उतरली. हंगाम संपला होता आणि धुकं इतकं दाट होतं, की समोरच्या बाकापर्यंत जायलाही पत्ता विचारावा लागेल, असं मेव्हण्याला वाटलं. तसं तो बोललाही. कुणी हसलं नाही.

तिघांतला उंच, वाळका माणूस खाजगी तपास करणारा. विमा कंपनीत लोकांचे दावे खरे की खोटे हे बघण्यात त्याची तीस वर्षं गेली होती, आणि आता तेच काम तो स्वतःच्या जिवावर करत असे. बरोबरचा गोल चेहऱ्याचा माणूस त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ. तो त्याला भाऊजी म्हणे, म्हणून गिऱ्हाइकंही भाऊजीच म्हणू लागली होती. बायको जाऊन सहा वर्षं झाली तरी मेव्हण्यानं नातं सोडलं नव्हतं. दर आठवड्याला तो म्हणे, “रविवारी जेवायला या,” आणि दर आठवड्याला भाऊजी म्हणत, “बघू.”

तिसरी त्यांची गिऱ्हाईक. औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी राहणारी, चाळिशीची बाई. बसमध्ये सगळा वेळ तिनं मांडीवर एक कापडी पिशवी धरली होती. पिशवीत तिच्या वडिलांचे बूट होते.

वडील याच बसनं याच गावात आले होते, त्याला चाळीस दिवस झाले. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात त्यांची हयात गेली. बायको होती तोवर दोघं वर्षातून एकदा इथं येत, सकाळच्या बसनं येऊन संध्याकाळच्या बसनं परत. गेली चार वर्षं ते एकटेच यायचे. या खेपेला ते परत गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी पॉइंटवरच्या दगडी बाकाखाली त्यांचे बूट सापडले, आणि दुपारी खाली दरीत ते स्वतः, अनवाणी. पोलिसांनी आत्महत्या लिहिली आणि फाइल मिटवली.

“आदल्या रात्री त्यांचा फोन आला होता,” बाई स्टँडवरच्या बाकावर बसत म्हणाली. हे तिनं आधी एकदा सांगितलं होतं, पण पुन्हा सांगितल्याशिवाय तिला राहवत नव्हतं. “म्हणाले, तुझ्याकडे राहायला येऊ का? मी म्हटलं, बाबा, दोन खोल्यांत आम्ही पाच जण, तुम्हाला ठेवू कुठे? ते म्हणाले, बरं. एवढंच. बरं.”

भाऊजी तिच्या शेजारी बसले.

“माझ्या बोलण्यामुळे गेले का, एवढंच मला सांगा. हो असेल तर हो म्हणा. मी ऐकून घेईन. पण हे असं रोज रात्री स्वतःलाच विचारणं आता होत नाही माझ्याच्यानं.”

ती पुढे येणार नव्हती. वरच्या वाटेकडे बघायचंही ती टाळत होती. संध्याकाळी पाचची बस शेवटची, तोपर्यंत ती इथंच बसणार होती. भाऊजींनी तिच्याकडून पिशवी आणि पोलिसांनी परत केलेल्या चीजवस्तूंचा लिफाफा मागून घेतला.

लिफाफ्यात फारसं काही नव्हतं. फुटका चष्मा, पैशांसकट पाकीट, रुमाल, कोटाच्या खिशात सापडलेली मोज्यांची गुंडाळलेली जोडी, परतीचं तिकीट आणि वर्तमानपत्राचा एक कपटा.

“परतीचं तिकीट,” मेव्हणा हलक्या आवाजात म्हणाला. “भाऊजी, मरायला निघालेला माणूस परतीचं तिकीट काढेल का?”

तिकीट खिडकीतल्या माणसानं त्याच्या उत्साहावर पाणी ओतलं. इथं जाऊन-येऊन एकच तिकीट मिळतं, नुसतं जायचं मिळतच नाही, असं त्यानं सांगितलं. मग त्याला बोलायला कुणी तरी मिळालं म्हणून तो आणखी बोलला. सकाळी किती उतरले ते तो लिहून ठेवतो आणि संध्याकाळी तितकी डोकी मोजतो. एखादं कमी भरलं तर ड्रायव्हर तीन हॉर्न देतो आणि बस वीस मिनिटं थांबते. वरच्या पॉइंटवर हॉर्न नीट ऐकू जात नाही, पण गावात ऐकू जातो, मग ज्यानं त्या पाहुण्याला कुठं बघितलं असेल तो जाऊन हाक मारतो. पूर्वापार असंच चालत आलं आहे.

“त्या दिवशी?” भाऊजींनी विचारलं.

“एक कमी होता. तीन हॉर्न दिले. वीस मिनिटं थांबलो आणि सोडली बस. काय करणार?”

भाऊजींनी कपटा उलटसुलट केला. एका बाजूला शब्दकोडं होतं, मधोमध फाटलेलं, अर्धं गायब, एकही घर भरलेलं नाही. दुसऱ्या बाजूला छोट्या जाहिरातींचा एक रकाना होता, वरपासून खालपर्यंत सरळ, शिकवणी, सायकल विकणे, खोली भाड्याने, असला. बाईनं तो कपटा बघितला होता. बाबा रोज कोडं सोडवायचे, हे शेवटचं राहून गेलं, असं ती म्हणाली आणि तिनं मान फिरवली.

मग त्यांनी बूट बाहेर काढले. वरचं चामडं जुनं, सुरकुतलेलं, पण पॉलिश केलेलं. तळ मात्र नवा, जाड. डाव्या तळावर, बोटांखालच्या भागात, खडूचा पुसटसा ४ होता आणि त्याखाली एक आडवी रेघ.

“चार नंबरचा बूट?” मेव्हण्यानं डोळे बारीक केले. “हा तर चांगला आठ नंबरचा दिसतोय. भाव असेल दुकानदाराचा. आणि काय हो, चिखल नाही कुठं. पोलिसांनी धुतले वाटतं.”

“खडू ठेवून?” भाऊजी म्हणाले, आणि बूट परत पिशवीत गेले.

बाहेर पडल्यावर पहिल्या चढावरच मेव्हण्याच्या उजव्या बुटानं तोंड उघडलं. चालताना तो फटक-फटक वाजू लागला. एरवी भाऊजींनी यावर काही तरी टोमणा मारला असता, पण आज ते आजूबाजूला बघत चालले होते. बंद दुकानं, दारांवर ओली कुलुपं, पाट्यांवरून टपकणारं पाणी. हंगामात इथं पाय ठेवायला जागा नसते म्हणतात. आता दोन माणसं रस्त्यानं चालली तरी खिडकीचा पडदा बाजूला होत होता.

चहाचं दुकान तेवढं उघडं होतं. चालवणारी बाई जाडजूड, पदरानं सतत काच पुसणारी. तिला म्हातारा चांगला आठवत होता.

“दरवर्षीचं गिऱ्हाईक ते. बायको गेल्यावरही दोन चहा सांगायचे. एक स्वतः प्यायचे, एक समोर ठेवायचे. तो गार झाला की तोही प्यायचे. वाया घालवणारे नव्हते.”

त्या दिवशीही तसंच झालं होतं. मग त्यांनी तिचं वर्तमानपत्र वाचलं आणि एक तुकडा फाडू का म्हणून रीतसर विचारलं. ते कशानं खचलेले दिसत होते का, या प्रश्नावर तिनं जरा विचार केला. दिसत नव्हते, पण आपल्याला कुठं कुणाच्या पोटातलं कळतं, असं म्हणाली. साडेदहाच्या सुमाराला ते उठून बाजाराकडे गेले.

मेव्हण्यानं बूट दाखवला. ती हसली. “या ओल्या हवेत रोज एकाचा तरी असा बोलायला लागतो. पुढं जा, आमचा मोची आहे. तोवर हिंडायला चपला देतो तो घालायला. पाहुण्यांचा दिवस वाया जाऊ नये म्हणून. चांगला कारागीर आहे. मधे तीन दिवस दुकान बंद ठेवलं त्यानं, आजारी होता. तुमचे हे म्हातारबुवा गेले तेव्हाच.”

मोचीचं दुकान म्हणजे दोन भिंतींमधली एक फट. एका माणसानं बसायचं, एकानं स्टुलावर, तिसऱ्यानं रस्त्यात. भाऊजी रस्त्यात उभे राहिले. मोची साठीचा, बारीक, घरात दुसरं कुणी नसलेल्या माणसासारखा स्वतःशी पुटपुटणारा. त्याच्या डोक्यावर भिंतीत पाच खिळे होते, खाली खडूनं लिहिलेले आकडे, १ ते ५. खिळे रिकामे होते.

मेव्हणा म्हणाला, “काका, तोवर घालायला चपला द्या. आम्हाला वर पॉइंटला जायचंय.”

“बंद केलं ते,” मोची वर न बघता म्हणाला. “बसा स्टुलावर. अर्ध्या तासात देतो.”

त्यानं बूट घेतला आणि चामडं कापायच्या रापीनं जुना तळ काढून टाकला. नवा तळ चिकटवून, शिवून झाल्यावर त्यानं सवयीनं खडू उचलून तळावर १ लिहिला आणि खाली रेघ मारली. रस्त्यावर दुसरं गिऱ्हाईक नव्हतं, मग कोणाचा बूट कोणाला जाणार होता कुणास ठाऊक. पण हाताला लागलेली सवय माणसाचं ऐकत नाही.

दरम्यान भाऊजींनी म्हाताऱ्याचं वर्णन करून विचारलं. मोचीनं मान हलवली. आठवत नाही, गिऱ्हाइकांची गर्दी असते, कोण लक्षात ठेवतो, असं तो म्हणाला. हे बोलताना त्याची सुई चुकली आणि अंगठ्यात घुसली. रक्त पुसून तो पुन्हा कामाला लागला.

“रात्री कोरड्या जागी ठेवा हं,” बूट परत देताना तो म्हणाला. “उघड्यावर राहिला तर नवा सोल पाणी पितो.”

पॉइंटची वाट बाजाराच्या टोकाला सुरू होते. तिथं एका टपरीत फोटोग्राफर बसतो. हा गडी बोलका, आणि या प्रकरणात आपला वाटा मोठा आहे अशी त्याची समजूत. बूट त्यालाच सापडले होते. आत्महत्या हा शब्दही पोलिसांच्या आधी त्याच्याच तोंडून निघाला होता, म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला.

म्हातारबुवांना शेवटचं त्यानंच पाहिलं, साडेतीनला. फोटो काढून घेतला त्यांनी. कमरेपर्यंतचाच, कारण धुक्यात पाय येत नाहीत. त्यानं प्रत दाखवली. कोटातला एक शांत माणूस चौकटीच्या डाव्या बाजूला उभा होता आणि उजवी बाजू मोकळी होती.

“मी म्हटलं, मधे या. म्हणाले, नको, शेजारी एका माणसाची जागा सोडा. आता सांगा, ज्याला जगायचंय तो असा फोटो काढतो का?”

“मग?”

“मग गेले वर. पाठमोरे बघितले मी. गबाळे वाटले. एवढा इस्त्रीचा कोट आणि पँटवर मागून पोटऱ्यांपर्यंत चिखलाचे ठिपके. असा माणूस स्वतःकडे लक्ष देईनासा झाला की समजावं.”

आपण समजतो ते सगळं खरं असतं, अशी काही लोकांची खात्री असते. भाऊजींनी त्याला तसंच समजू दिलं. फक्त बूट नेमके कसे होते ते विचारलं. बाकाखाली, अगदी आत सरकवलेले, दोन्हीची टोकं एका रेषेत, फोटोग्राफर म्हणाला. रात्रभर पाऊस पडला होता, तरी कोरडे होते.

चढ दहा मिनिटांचा होता. वाट लाल मातीची, पायाखाली सरकणारी. वर लोखंडी कठडा होता. तो संपतो तिथं एक उतरता खडक ओलांडावा लागे, आणि पलीकडे दगडी बाक. समोर म्हणे मोठं दृश्य होतं, पण आज नुसता पांढरा पडदा लागला होता.

“इथं दोघं बसत असतील,” मेव्हणा म्हणाला आणि खडकावर पाय ठेवताच घसरला. भाऊजींनी त्याची कॉलर पकडली. शेवाळ होतं. मेव्हणा कठड्याला धरून उभा राहिला.

“नव्या तळाच्या बुटात हे झालं,” भाऊजी म्हणाले. “पाय वर कर बघू.”

“आता काय पायाही पडणार का माझ्या?”

पण त्यानं पाय वर केला. तळाला लाल चिखलाचा थर होता. भाऊजींनी रुमालानं तो पुसून काढला आणि तळ निरखून बघितला. मग ते एकटेच, सांभाळून, खडकावरून पलीकडे गेले आणि त्या बाकावर बसले. एका टोकाला बसले आणि शेजारी जागा सोडली. मेव्हण्याला बहिणीची आठवण झाली, आणि त्यानं धुक्याकडे तोंड केलं.

चारच्या सुमाराला भाऊजी स्टँडवर आले आणि बाईला म्हणाले, “ताई, जरा चला. वर नाही, बाजारातच. बूट घ्या बरोबर.”

मोचीच्या दुकानासमोर ती थांबली. भाऊजींनी तिला स्टुलावर बसवलं, तिच्या हातून बूट घेतले आणि मोचीसमोर ठेवले, तळ वर करून. मोचीच्या हातातली आरी खाली पडली.

“काका, तुमचे आहेत ना हे? म्हणजे काम तुमचं.”

मोची खाली पडलेली आरी चाचपत राहिला. भाऊजी बाईकडे वळले.

“ताई, तुमच्या वडिलांनी हे बूट बाकाखाली ठेवलेच नाहीत. या तळानं ते एक पाऊलही चालले नाहीत. हा खडू बघा. माझ्या मेव्हण्याच्या बुटावर आज यांनी तसाच आकडा लिहिला, तशीच रेघ मारली. पॉइंटला पोचेपर्यंत त्याचा मागमूस राहिला नाही. इथून वरपर्यंत लाल चिखल आहे. चालत गेलेल्या बुटाच्या तळावर चिखल असतो आणि खडू नसतो. यावर खडू आहे आणि चिखल नाही. हे बूट वर गेले ते कुणाच्या तरी हातात.”

“मग बाबा काय घालून गेले?” तिनं विचारलं.

“यांच्या चपला. बूट शिवून होईपर्यंत पाहुण्याला चपला देण्याची इथली पद्धत आहे. ज्या खिळ्यावरच्या चपला दिल्या त्याचा आकडा बुटावर. तुमच्या बाबांना चार नंबरच्या मिळाल्या; दोन्ही बुटांना नवा जाड तळ म्हणजे संध्याकाळपर्यंतचं काम. चपलेत मोजे घालता येत नाहीत, म्हणून त्यांनी मोजे गुंडाळून कोटाच्या खिशात ठेवले. कड्यावर बूट काढणारा माणूस मोजे बुटातच कोंबतो. शिवाय फोटोग्राफरनं पँटवर मागून चिखलाचे ठिपके बघितले.”

मेव्हण्यानं कपाळावर हात मारला. “चपलेनं उडतो तसा. आईच्या किती शिव्या खाल्ल्यात मी त्यापायी.”

“चिखलात बूट पाठीमागं चिखल उडवत नाही, चप्पल उडवते,” भाऊजी म्हणाले. “साडेतीनला ते चपलेतच होते. तो खडक आम्ही पाहिला. नव्या बुटातला धडधाकट माणूस तिथं घसरला. ते बाकाकडे निघाले असतील, दरवर्षीसारखे. उडी मारली नाही, ताई. पाय घसरला.”

बाईनं स्टुलाची कड धरली.

“आता बूट वर कसे गेले? पाचला बसनं तीन हॉर्न दिले. ते गावाला ऐकू येतात. आपलं गिऱ्हाईक बूट न नेता वर राहिलंय हे एकाच माणसाला ठाऊक होतं. त्याला परत दुकानात यायला वेळ मिळणार नाही म्हणून हा भला माणूस बूट हातात घेऊन चढ चढला. वर काय दिसलं ते काका सांगतील. पण बूट ठेवताना यांचा हात यांना आडवा आला. ज्याला स्वतःचा जीव नको झालाय तो बूट पावसापासून जपत नाही. बाकाखाली, आत सरकवून, टोकं जुळवून ते एका कारागिरानं ठेवले, ज्याला नवा सोल भिजलेला बघवत नाही. मग तीन दिवस आजार. मग चपला देणं बंद. आणि सकाळी मला म्हणाले, गर्दीत लक्षात राहत नाही. या दिवसांत कसली गर्दी, काका? चोराच्या मनात चांदणं.”

मोचीनं आपल्या पाटाखाली हात घातला आणि एक चप्पल बाहेर काढली. एकच. अंगठ्यावर ४ कोरलेला. त्यानं ती उलटी केली. तळ झिजून आरशासारखा गुळगुळीत झाला होता.

“ही खडकावर होती,” तो म्हणाला. “शेवाळावर घसरल्याची लांब रेघ, आणि ही. दुसरी त्यांच्याबरोबर गेली, दरीत कुठे तरी पडली असेल. मी खूप हाका मारल्या. खरंच मारल्या. खालून काही आलं नाही.” त्यानं चपलेवरून अंगठा फिरवला. “साऱ्या गावाचे सोल मी बसवतो, आणि माझ्या खिळ्यावरच्या चपलांना कधी बसवला नाही. दिव्याखाली अंधार. मला वाटलं, लोक म्हणतील यानं मारलं. म्हणून ही उचलली आणि बूट ठेवले. खाली आलो तर बस गेली होती.”

“चाळीस दिवस,” बाई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, पण मेव्हणा दोन पावलं मागं सरला. “चाळीस दिवस मी मुलांच्या ताटात वाढते आणि मनात म्हणते, मी बापाला मारलं. तुम्हाला चप्पल लपवायची होती म्हणून.”

मोचीनं मान खाली घातली. माफी मागितली नाही. ती मागायची तर कोणत्या तोंडानं, हे त्याला कळत होतं. पोलिसांना सगळं लिहून देईन, उद्याच खाली जाईन, एवढं म्हणाला.

भाऊजींनी खिशातून कपटा काढला. “आणखी एक आहे, ताई. हे सांगू का नको याचा मी दिवसभर विचार करतोय, कारण याला माझ्याकडे पुरावा अर्धाच आहे. तुम्ही म्हणालात शब्दकोडं राहिलं. पण ज्याला कोडं हवं तो कोडं मधून फाडत नाही. कोडं फाटलंय आणि मागचा रकाना अखंड आहे. त्यांना मागची बाजू हवी होती.”

तिनं कपटा घेतला. तिची नजर खाली सरकत एका ओळीवर थांबली. एकट्या व्यक्तीस खोली भाड्याने. पत्ता तिच्या घरामागच्या गल्लीतला होता.

मोचीनं हळूच वर बघितलं. “बोलले होते ते मला. म्हणाले, सोल जाड बसवा, आता पायी फार हिंडायचंय. मुलीच्या घराजवळ खोली बघणार आहे. तिच्याकडे जागा नाही म्हणते, तर खरंच नाहीये हो, मी बघितलंय घर तिचं. पण जवळ राहिलं तर संध्याकाळी चालत जाऊन चहाला बसता येईल.”

“चहाला,” ती म्हणाली.

“चहाला म्हणाले. आणि म्हणाले, रात्री फोनवर ती फार कावलेली वाटली, खोली मिळाली की मगच सांगेन, उगाच तिच्या जिवाला घोर नको.”

ती रडली नाही. तिनं बूट उचलले, पिशवीत न घालता छातीशी धरले, आणि उठून चालू लागली. स्टँडच्या दिशेनं नाही. धुक्यानं तिला चार पावलांत गिळलं.

“भाऊजी, एकटीच वर चालली,” मेव्हणा घाबरून म्हणाला. “जाऊ दिलीत?”

“तिच्या बाबांची जागा आहे ती.”

“आणि खडक?”

भाऊजींनी वाटेकडे बघितलं; धुक्याशिवाय काही दिसत नव्हतं.

पाचला बस सुरू झाली. तिकीटवाल्यानं डोकी मोजली. सकाळी तीन उतरले होते, आता दोन भरत होते. त्यानं ड्रायव्हरला खूण केली आणि तीन हॉर्न वाजले. मेव्हणा दारातच उभा राहिला. भाऊजी खिडकीशी बसून घड्याळाकडे बघत होते. पाच मिनिटं झाली, दहा झाली. आत्महत्या नाही हे सिद्ध करून आपण तिला वर पाठवलं, हा विचार त्यांना सोसवेना.

“रविवारी किती वाजता यायचं?” त्यांनी एकदम विचारलं.

मेव्हणा वळून बघत राहिला. “कुठं?”

“जेवायला.”

“बारा,” तो म्हणाला, आणि पुन्हा बाहेर बघू लागला.

अठराव्या मिनिटाला धुक्यात काही तरी हललं. पुढे मोची होता. हॉर्न ऐकून तो उघडं दुकान तसंच टाकून चढ चढला होता. एका हातात काठी, दुसरा हात मागं केलेला. त्या हाताला धरून ती उतरत होती. तिचा चेहरा ओला होता, साडीला लाल चिखल लागला होता, आणि बूट अजून छातीशी होते. बसपाशी आल्यावर तिनं त्याचा हात सोडला. त्याच्याशी ती एक शब्दही बोलली नाही, पण चढण्याआधी क्षणभर थांबली, आणि तिनं त्याच्या पायांकडे बघितलं. तो घाईत अनवाणीच आला होता.

“जा आता, थंडी आहे,” ती म्हणाली.

तिकीटवाल्यानं पुन्हा मोजलं. तीन. त्यानं दार लावलं आणि बस उतरणीला लागली.